पिंच रनर म्हणजे नुसता पळणारा नव्हे

मा. संपादक,

तुमच्या स्पोर्ट्सच्या पानावर जपानी बेसबॉल म्हटलं की ओहतानी आणि त्याचे होमरन, एवढंच येतं. येऊ द्या, पण तिकडच्या पिंच रनर लोकांवरपण लिहा की कधीतरी. नऊ इनिंगची मॅच आठव्या-नवव्या इनिंगला अडकलीये, एखादा जाडजूड बॅटर कसाबसा फर्स्ट बेसवर पोचला, की त्याला बसवतात आणि त्याच्या जागी पळायला दुसरा गडी आणतात, तोच पिंच रनर. बसवलेला परत येऊ शकत नाही हां, क्रिकेटमध्ये पूर्वी रनर मिळायचा तसलं हे नाही, मॅच लांबली तर तुमचा मेन बॅटर गेला तो गेलाच.

लोकांना वाटतं फास्ट माणूस आणला की झालं. मग ईजिमा हिदेओचं काय झालं? 1964 आणि 1968 च्या ऑलिम्पिकला 100 मीटर धावलेला माणूस, लोट्टे या जपानी टीमने खास बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसला पळायला घेतला, 1969 ते 71 मध्ये 117 मॅच खेळला, एकदाही बॅटिंगला आला नाही, 23 बेस चोरले आणि 17 वेळा आउट! अहो ट्रॅकवर पिस्तूल वाजतं, इथे पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) टाच, खांदा बघून ओळखायचं की हा आता बॅटरला टाकतोय की फर्स्टला फेकतोय, आणि वर स्लाइड मारून बेसवर थांबायचंपण असतं.

जपानच्याच जायंट्स टीमच्या सुझुकी ताकाहिरोला ते जमायचं. पिंच रनर म्हणून 132 चोऱ्या, जपानचा रेकॉर्ड, 2015 ला ऑलस्टारमध्येपण घेतला. आणि त्याचीच शेवटची मॅच बघा, 2016 ची क्लायमॅक्स सिरीज (तिकडचे प्लेऑफ), 3-3, नववी इनिंग, हा आला आणि फर्स्टवरच पिकऑफ, म्हणजे बेस सोडून पुढे सरकलेला असताना पिचरने फर्स्टला फेकून आउट. जायंट्स अकराव्या इनिंगला हरले, त्यानंतर तो रिटायर झाला. एकच काम, तेही चुकलं तर भरून काढायला पुढची बॅटिंगपण नाही, काय वाटलं असेल त्याला.

बरं, 2023 ची वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची सेमीफायनल आठवते? मेक्सिकोविरुद्ध मुराकामीने शेवटी डबल (दोन बेसचा फटका) मारला आणि जपान 6-5 ने जिंकलं. ओहतानी सेकंडवरून सुटला होता, आणि योशिदाच्या जागी पळायला आलेला शुतो उक्यो फर्स्टवरून, तरी होमला, म्हणजे जिथे पोचलं की रन होते तिथे, तो ओहतानीच्या पाठोपाठच! ती जिंकून देणारी रन शुतोची होती. तुमच्या बातमीत त्याचं नावच नव्हतं.

– एक वाचक