निळ्या काँकॉर्डच्या निमित्ताने एक आभारपत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाची माझी छोटी प्रतिकृती अखेर पूर्ण झाली. निळे धड, पांढरेशुभ्र पंख आणि नाकापासून शेपटीपर्यंत ४३ सेंटीमीटर लांबी असलेले ते विमान समोर ठेवूनच हे पत्र लिहायला बसलो आहे. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे. पण आपण केलेली मदत चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

काँकॉर्ड म्हटले की सर्वांच्या डोळ्यांसमोर पांढरे विमान येते. एप्रिल १९९६ मध्ये मात्र पेप्सीने आपला नवा निळा रंग जगापुढे आणण्यासाठी एअर फ्रान्सचे एफ-बीटीएसडी या नोंदणीचे काँकॉर्ड त्या रंगात रंगवून घेतले आणि जेमतेम दोन आठवडे ते त्या वेषात उडाले. याच विमानाने १९९२ मध्ये पश्चिमेकडे आणि १९९५ मध्ये पूर्वेकडे जात पृथ्वीप्रदक्षिणेचे विक्रम केले होते. दुसऱ्या खेपेला तर साडेएकतीस तासही लागले नाहीत. इतक्या मानाच्या विमानाने इतक्या थोड्या दिवसांसाठी घेतलेले हे रूप प्रतिकृतीत माझ्या हातून घडावे, ही माझी फार दिवसांची इच्छा होती. प्रतिकृतींच्या प्रदर्शनात आपल्या टेबलापाशी मी ती बोलून दाखवली, तेव्हा आपण हातातले काम बाजूला ठेवून माझे सगळे ऐकून घेतलेत.

त्यानंतर मी १:१४४ प्रमाणातले किट उघडले, धडाचे दोन्ही भाग जोडले, सांधे पुटीने भरून घासले, आणि एका फोटोच्या भरवशावर सगळे विमान पंखांसकट निळे करून टाकले. तो फोटो बाजूने आणि खालच्या पातळीवरून घेतलेला होता. त्यात पंख ओझरतेच दिसत होते आणि सावलीमुळे त्यांचा रंग कळत नव्हता. मोठ्या आनंदाने मी प्रतिकृतीचे चित्र आपल्याला पाठवले. आपले उत्तर त्याच संध्याकाळी आले: ‘निळा छान बसला आहे, पण पंख पांढरे हवेत. का ते उद्या सविस्तर सांगतो.’ काळजात धस्स झाले, कारण तीन आठवड्यांचे काम त्या एका वाक्यासरशी मागे जाणार होते.

दुसऱ्या दिवशी आपण फोनवर जे सांगितलेत, त्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना हवेच्या दाबाने आणि घर्षणाने काँकॉर्डचे कवच तापे. नाकाच्या टोकाचे तापमान १२७ अंश सेल्सिअसपर्यंत जाई आणि सुमारे ६२ मीटर लांबीचे विमान त्या उष्णतेने १५ ते २५ सेंटीमीटरने वाढे. त्याचा नेहमीचा पांढरा रंग शोभेसाठी निवडलेला नव्हता, तर उष्णता साचू न देण्यासाठी खास तयार केलेला होता. गडद निळ्याकडून ते काम होणार नव्हते. म्हणून धड निळे करताना मॅक २, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने, सलग २० मिनिटांपेक्षा जास्त उडू नये अशी मर्यादा घातली गेली, मॅक १.७ च्या खाली मात्र बंधन नव्हते. आणि बहुतेक इंधन पंखांतल्या टाक्यांत असल्यामुळे, ते तापू नये म्हणून पंखांचा पांढरा रंग तसाच ठेवला गेला. शेवटी आपण हिशेब करून दाखवलात, की विमानाची ती वाढ माझ्या प्रतिकृतीवर आणली तर एक ते पावणेदोन मिलिमीटर भरेल, म्हणजे मास्किंग टेपच्या (रंग नको तो भाग झाकणाऱ्या चिकटपट्टीच्या) एका बारीक पट्टीएवढी. ते ऐकल्यावर पंख पुन्हा रंगवण्याचा कंटाळा कुठल्या कुठे पळाला. चूक दाखवून, सुधार म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. पांढऱ्या आणि निळ्याच्या मधली रेघ तिथेच का आहे हे समजावणारे आपण मला भेटलात, आणि पुढचे सगळे काम त्या समजुतीवर झाले.

निळ्यावर पांढरा चढवण्याचा मोह आपण पहिल्यांदाच मोडून काढलात. पांढऱ्याला गडद रंग झाकायला थरावर थर द्यावे लागतात आणि पॅनेलच्या नाजूक रेषा बुजून जातात, त्यापेक्षा सगळा रंग काढून पांढऱ्यापासून सुरुवात करावी, हे आपले म्हणणे शब्दशः खरे ठरले. माझा रंग ॲक्रिलिक होता, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो प्लॅस्टिकला धक्का न लागता निघाला. मग पांढरा दिला, तो पूर्ण वाळू दिला, आणि पंख जिथे धडाला मिळतात त्या लांब वळणावर टेप लावायला बसलो. रुंद टेपला वळणावर चुण्या पडत होत्या. आपण सांगितल्याप्रमाणे काचेवर टेप पसरून नव्या पात्याने दीड मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, त्या भिंगाखाली तुकड्यातुकड्याने वळवत नेल्या आणि टूथपिकने कडा दाबून घेतल्या. त्यावर निळ्याच्या आधी पुन्हा पांढऱ्याचाच एक विरळ हात मारला, म्हणजे टेपखाली काही झिरपलेच तर ते पांढऱ्यात पांढरे मिसळेल. ही युक्ती मला एकट्याला कधीच सुचली नसती. निळ्याचे चार पातळ हात झाले आणि रंग पुरता कडक होण्याआधी टेप तिच्याच अंगावर दुमडत हळूहळू ओढून काढली. नाकापासून मागे येणाऱ्या पंखाच्या कडेला कुठेही दातरे न पडलेली, केसासारखी रेघ उमटलेली पाहून जीव भांड्यात पडला.

निळ्यात थोडा पांढरा मिसळण्याचा आपला सल्ला मी आधी मनापासून मानला नव्हता. लहान प्रतिकृतीवर खरा रंग खऱ्यापेक्षा गडद भासतो, हे दोन नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावरच पटले.

आणि डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून प्रतिकृतीवर चिकटवायची छापील अक्षरे आणि चिन्हे! माझ्या डिकलवरची पांढरी अक्षरे इतकी विरळ छापलेली होती, की पाण्यातून काढून निळ्यावर ठेवताच त्यांतून निळा दिसू लागला. आपण वर्षानुवर्षे जपलेला डिकलचा कागद न मागता पाठवून दिलात. जी वस्तू पुन्हा मिळेलच याची खात्री नाही ती दुसऱ्याच्या कामासाठी देताना हात आखडता न घेणे म्हणजे काय, हे या छंदातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. सोबतच्या चिठ्ठीतल्या सूचनेनुसार कागद आठवडाभर खिडकीच्या काचेला उन्हात लावून ठेवला आणि त्याच्या पारदर्शक भागावर आलेला पिवळेपणा गेला. आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग ते मऊ करणारे द्रावण, हा क्रम मी कुठेही मोडला नाही, त्यामुळे अक्षरांभोवती हवा अडकून येणारी चंदेरी झाक कुठेही आली नाही.

त्या चिठ्ठीत आपण एक ओळ अधोरेखित केली होती: नोंदणीचे शेवटचे अक्षर लावण्याआधी दोनदा पाहा. कागदावर ‘एससी’ आणि ‘एसडी’ अशा दोन्ही जोड्या होत्या. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कोसळले ते एफ-बीटीएससी, आणि हे निळे झालेले विमान आज ल बूर्जेच्या संग्रहालयात उभे आहे ते एफ-बीटीएसडी. ते अक्षर चिमट्यात धरले तेव्हा आपली ओळ आठवली, आणि मी भिंग घेऊन ते दोनदा नव्हे, तीनदा पाहिले.

डिकलचा उरलेला कागद पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून आजच आपल्याकडे परत पाठवत आहे. त्यावरची दुसरी नोंदणी आणि खिडक्यांची एक पूर्ण ओळ शाबूत आहे. सोबत विमानाचे दोन फोटो आहेत. त्यातला एक मुद्दाम वरून घेतला आहे, पंख दिसावेत म्हणून.

आपला कृतज्ञ,
निळ्या काँकॉर्डवाला