मागचं रान कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जपानी मांगावरचा, म्हणजे तिकडच्या चित्रकथांवरचा, लेख आवडीने वाचला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला पानभर जागा दिली याचं अप्रूपही वाटलं. तक्रार आहे ती एका चौकटीबद्दल. तिथे शिगेरु मिझुकी यांना भुताखेतांची गमतीदार चित्रं काढणारे म्हणून दोन ओळींत उरकलं आहे. सोबतच्या चित्रात त्यांची दोन गाजलेली पात्रं, भुताच्या कुळातला मुलगा कितारो आणि त्याचा सोबती उंदीरमाणूस, कापून काढून पांढऱ्या कागदावर उभे केले आहेत. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. मला त्या दोन ओळींपेक्षा ती कात्री जास्त लागली.

मिझुकींची पात्रं अगदी साधी असतात. गोल तोंड, टिंबासारखे डोळे, चौथीतल्या मुलालाही जमावीत अशी. पण त्यांच्या मागची झाडं, खडक, पडकी देवळं ठिपक्या-ठिपक्यांनी इतकी बारीक भरलेली असतात की छायाचित्रच वाटावं. हे रान कुठलं, ते कळल्याशिवाय त्यांची भुतंही कळत नाहीत.

त्यांचा जन्म १९२२ चा. बालपण गेलं तोत्तोरी प्रांतातल्या साकाइमिनातो या मासेमारीच्या बंदरात. तिथे ‘नोन्नोनबा’ नावाने ओळखली जाणारी एक गरीब म्हातारी त्यांना योकाइंच्या, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या, गोष्टी सांगायची. छतावर डाग दिसला की म्हणायची, रात्री छत चाटणारा येऊन गेला. पोरगा डागाकडे बघत पडून राहायचा. अभ्यासात यथातथा आणि सकाळी उठायला आळशी, पण चित्रं मात्र सुरेख.

असा हा मुलगा १९४३ मध्ये सैन्यात भरती झाला आणि न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावर रबाउलला जाऊन पडला. पुढे बाइएन नावाच्या ठिकाणी त्यांच्या छोट्या तुकडीवर हल्ला झाला आणि हे एकटे वाचले. समुद्रात उडी मारली, मग जंगलातून दिवसचे दिवस चालत तळावर पोचले. तिथे शाबासकी नाहीच. बाकीचे मेले तर तू जिवंत कसा परत आलास, हा सवाल. त्या पळापळीत एका रात्री पुढे पाऊलच टाकता येईना, अंधारात मऊ भिंतीसारखं काहीतरी आडवं आलं. ते म्हणत, ती ‘नुरिकाबे’ होती. जपानी लोककथेतली, रात्रीच्या वाटसरूची वाट अडवणारी अदृश्य भिंत. आमच्या कोकणात चकवा लागला म्हणतात, तसंच काहीसं. नुरिकाबे आज जपानी मुलांना ठाऊक आहे ती हात-पाय असलेली चौकोनी, भाबडी भिंत म्हणून. तिला ते रूप मिझुकींनी दिलं.

नंतर मलेरियाने आजारी असताना बॉम्बहल्ल्यात त्यांचा डावा हात गेला. भूल न देता तो कापावा लागला. वय अवघं बावीस. त्या दिवसांत जवळच्या गावातल्या तोलाइ लोकांनी त्यांना जेवू घातलं, आपलं मानलं. युद्ध संपल्यावर मिझुकी तिथेच राहायला निघाले होते. आधी आईवडिलांना भेटून तर ये, असं लष्करातल्या डॉक्टरांनी समजावलं म्हणून मायदेशी परतले.

पुढची दहा-पंधरा वर्षं कशी काढली ते वाचावं. मासे विकले, सायकलरिक्षा भाड्याने दिली, कर्ज काढून कोबेमध्ये एक जुनं घर घेऊन भाडेकरू ठेवले. त्या घराचं नाव ‘मिझुकी-सो’. यांचं खरं आडनाव मुरा, पण घराच्या नावावरून लोक त्यांना मिझुकीच म्हणू लागले आणि तेच टोपणनाव झालं. तिथे ते कामिशिबाइसाठी चित्रं काढू लागले. सायकलवर लाकडी चौकट घेऊन एक माणूस गल्लीत यायचा, मुलांना गोळ्या विकायचा आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. कितारोचं मूळही युद्धापूर्वीच्या एका कामिशिबाइत आहे. मिझुकींनी परवानगी घेऊन त्याला नव्याने घडवलं.

टीव्ही आला आणि हा धंदा बसला. मग टोकियोला जाऊन भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांसाठी मांगा काढायला लागले. पैसे थोडे, तेही बुडायचे. १९६१ मध्ये लग्न झालं, मुलगी बघितल्यापासून पाचव्या दिवशी! आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांनाही इतकी घाई नसते. पत्नी नुनोए यांनी गरिबीत संसार तर केलाच, पण चित्रांत शाई भरायलाही त्या बसत. त्यांच्या आठवणींवर २०१० मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीने मालिका केली.

१९६५ मध्ये ‘तेरेबी-कुन’ या कथेला कोदान्शा प्रकाशनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा मिझुकी त्रेचाळीस वर्षांचे होते. मग कितारो टीव्हीवर गेला. मूळ नावातलं ‘स्मशान’ जाहिरातदारांना नको होतं, म्हणून ‘गेगेगे नो कितारो’ झालं. ‘गेगे’ हे मिझुकींचंच लहानपणीचं चिडवण्याचं नाव. हे फार लांबवत नाही.

लेखातून निसटलं ते १९७३ चं पुस्तक, ‘सोइन ग्योकुसाइ सेयो’. ग्योकुसाइ म्हणजे रत्न फुटावं तसं मरणं. सगळ्या तुकडीने शरण न जाता मरावं यासाठी लष्कराने वापरलेला देखणा शब्द. पुस्तकात तुकडी बेटावर उपाशी, आजारी, मार खात दिवस काढते. शेवटच्या हल्ल्यातून काही जण वाचतात, तर वरून हुकूम येतो की तुम्ही मेल्याचं आम्ही कळवून बसलोय, तेव्हा आता खरोखर मरा. यातलं नव्वद टक्के खरं आहे, असं मिझुकी सांगत. या पुस्तकात भूत एकही नाही. साध्या तोंडांचे सैनिक आणि मागे तेच रान, तसंच ठिपक्या-ठिपक्यांचं.

१९८८-८९ मध्ये त्यांनी शोवा काळाचा, म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीचा, इतिहास आठ खंडांत काढला. चीनवरची स्वारी, दुसरं महायुद्ध आणि मधूनमधून त्यांचं स्वतःचं आयुष्य. हा इतिहास सांगतो कोण, तर उंदीरमाणूस! कितारोच्या गोष्टींतला तोच लबाड, घाणेरडा, पैशाला हपापलेला अर्धभूत. भुतांची चित्रं आणि युद्धाची चित्रं असे दोन कप्पे मिझुकींनी कधी केलेच नव्हते. आपण केले.

एक राहिलंच. लेखात तेझुका आणि इशिनोमोरी या मांगाकारांच्या रात्र रात्र जागून काम करण्याचं कौतुक आहे. दोघंही साठाव्या वर्षी गेले. मिझुकी मात्र कितीही काम असो, दहा तास झोपायचे आणि तसं सगळ्यांना सांगायचे. ते ३० नोव्हेंबर २०१५ रोजी गेले, त्र्याण्णव वर्षांचे होऊन.

पुरवणीत पुन्हा कधी मिझुकींचं चित्र छापणार असाल, तर कृपया मागच्या रानासकट छापा. जागा कमी पडत असेल तर मजकूर कापा. माझं हे पत्रसुद्धा.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कुडाळ