पाच किलोचं साडेसात

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. सोयाबीनच्या राशी चालू आहेत, निम्मा वर्ग शेतात, म्हणून उत्तराला उशीर झाला. लेकीला बेरीज-गुणाकार येतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन थांबतो म्हणतोस. आमच्याकडं उलटं आहे. पोरांना व्यवहार तोंडी येतो, वहीत उतरवताना घोळ होतो.

परवाचं सांगतो. सातवीतला एक पोरगा आजोबांसोबत मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, जाऊन आलेला. म्हटलं, तुझंच उदाहरण घे. माल सात क्विंटल पाच किलो, भाव क्विंटलला 4,300. गड्यानं 7.5 लिहून 32,250 काढले. विक्रीच्या पावतीवर, हमाली-तोलाई वजा जायच्या आधी, 30,315! शंभर किलोचा क्विंटल, शतांश स्थान, सगळं सांगून बघितलं. ढिम्म. संध्याकाळी आजोबा पारावर भेटले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पाच किलोला साडेसात म्हनायलाय व्हय? आरं, साडे म्हंजी पन्नास किलो की!" आणि लगेच, "त्रेचाळीस पंचे दोनशे पंधरा, ते तीस हजार शंभरात मिळवा." शाळा न शिकलेला माणूस. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फक्त 'साडे' एवढाच शब्द उच्चारला. पोरानं जीभ चावली आणि 7.05 लिहिलं. सव्वा, साडे, पावणे ही अपूर्णांकांचीच नावं, आणि आपण मास्तरांनी ती घड्याळापुरती ठेवली. मी तर वीस वर्षं.

व्याजाचंही तसंच. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर, हे सगळ्यांना पाठ. मी विचारलं, आईच्या बचत गटाचं कर्ज शेकडा दोन, बँकेचं बारा टक्के, महाग कुठलं? अख्खा वर्ग ओरडला, बँकेचं! एक पोरगी तेवढी हळूच म्हणाली, "सर, गटाचं म्हैन्याला असतंय, बँकेचं वर्साला." मग दहा हजारांवर मांडलं. गटाचे वर्षाला 2,400, बँकेचे 1,200. (हप्त्याहप्त्यानं मुद्दल फिटतं, तसं दोन्हीकडं व्याज उतरतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकललंय.) मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, शेकडा पाच असेल तर? तूच कर म्हटलं. त्यानं फळ्यावर साठ टक्के लिहिलं, खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. कुणाचं कर्ज ते मी विचारलं नाही.

आणि ती पाण्याची रेल्वे आठवते का? एप्रिल 2016, मिरजेहून लातूरला. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. पोरांनी भागाकार केला, माणशी सव्वा लिटरच्या जरा वर. "येवढी रेल्वे आनून तांब्याभरच?" या एका प्रश्नावर तास संपला.

लेकीला पुस्तकातले नळ-हौद जरा बाजूला ठेवू दे. दिवाळीत तिघं या. एसटीत वहिनींना अर्धं तिकीट, लेकीला अर्धं, तुला पूर्ण. तिकिटं तिच्याकडंच दे, फाडू नको म्हणावं. रात्री ओसरीवर बसून तीच सोडवू.

तुझाच,
मास्तर