जुन्या नाशिकच्या वाड्यांत प्रवाशांसाठी खाटा हव्यात

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ ३१ ऑक्टोबर २०२६ रोजीच्या ध्वजारोहणाने सुरू होणार असल्याचे जाहीर झाल्यापासून भाविकांच्या निवासाची चर्चा शहरात सुरू आहे. ती बहुतांशी तपोवनातील साधुग्राम, तात्पुरत्या राहुट्या आणि महामार्गालगतची मोठी हॉटेले यांच्याभोवतीच फिरते. मोजके पैसे घेऊन एकट्याने येणाऱ्या प्रवाशाने रात्री पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न तिच्यात कोठेच येत नाही, आणि हा प्रश्न सिंहस्थापुरता नसून बारा महिन्यांचा आहे. दक्षिण अमेरिकेतील एका महानगरात याचे जे उत्तर मला पाहायला मिळाले, ते महापालिकेच्या आणि विशेषतः जुन्या नाशकातील वाडामालकांच्या विचारार्थ मांडावे, म्हणून हे पत्र.

द्राक्षशेती हा आमच्या घरचा व्यवसाय. अर्जेंटिनातील मेंडोझा प्रांतातील बागा आणि अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर चालणारी तिथली सिंचनव्यवस्था पाहावी, या हेतूने मी स्वखर्चाने तिकडे गेले असताना राजधानी ब्युनोस आयर्समध्ये मुक्काम करणे भाग पडले. विमानाच्या तिकिटातच बहुतेक पैसे गेलेले असल्याने हॉटेलची खोली परवडणारी नव्हती. म्हणून सान तेल्मो या शहराच्या जुन्या वस्तीत, पाठीवर पिशवी टाकून फिरणारे प्रवासी जिथे उतरतात अशा एका हॉस्टेलमध्ये मी जागा घेतली. तेथे खोली नव्हे, तर खाट भाड्याने मिळते. एका खोलीत सहा किंवा आठ खाटा एकावर एक रचलेल्या असतात, न्हाणीघरे आणि संडास सामाईक असतात आणि पैसे आपल्या एका खाटेपुरतेच द्यावे लागतात.

माझी खाट खालची होती. तिला लोखंडी चौकट, उशाशी लहानसा दिवा आणि एक प्लग, बाजूने ओढून घ्यायला जाड कापडाचा पडदा आणि खाली चाकांवर सरकणारी जाळीची पेटी होती. पेटी हॉस्टेलची, कुलूप मात्र ज्याचे त्याने आणायचे. पासपोर्ट आणि जास्तीचे पैसे त्या पेटीत कुलूपबंद झाले, की माणूस दिवसभर निर्धास्तपणे शहर पाहायला मोकळा. तिकडच्या प्लगच्या पिना चपट्या आणि तिरक्या असल्यामुळे आपला चार्जर त्यात बसत नाही. त्यासाठीचा अडॅप्टर अनामत ठेवून दारातल्या कचेरीत मिळत असे. कचेरीत रात्रभर कोणीतरी जागे असे, आणि पासपोर्टची नोंद झाल्याशिवाय कोणालाही आतला दरवाजा ओलांडता येत नसे.

मला सर्वांत आवडले ते तिथले स्वयंपाकघर. फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी लावून मालकाचे नाव, खाटेचा क्रमांक आणि निघण्याची तारीख लिहिलेली असे, आणि तारीख उलटून गेलेली पिशवी सर्वांची होत असे. एका फळीवर पुढच्या गावाला निघून गेलेल्यांनी मागे ठेवलेले तांदूळ, मीठ, तेल, चहापत्ती असे जिन्नस असत व ते कोणीही वापरावेत असा रिवाज होता. मांसाहार हाच जेथे मुख्य आहार, अशा देशात शाकाहारी माणसाची बाहेर आबाळ होते. त्या तांदळांत कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली मसूर घालून मी खिचडी शिजवत असे. रात्रीचे जेवण तिकडे नऊ-दहाच्या आधी होत नाही, त्यामुळे त्या वेळी ओट्यापाशी गर्दी उसळे, आणि भांडी ज्याने घेतली त्याने धुऊन पालथी घालायची हा नियम कोणालाही सांगावा न लागता पाळला जाई. ही व्यवस्था सर्वांना मानवेल असे नाही. रात्री दोनला कोणी परततो, पहाटे चारला कोणी विमानासाठी सामान आवरतो, कोणी घोरतो. ज्यांची झोप सावध आहे किंवा ज्यांच्या सोबत लहान मुले आहेत, त्यांनी हॉटेलातच उतरावे. परंतु जे एकटे आहेत, तरुण आहेत किंवा हात आखडून प्रवास करतात, त्यांना शहराच्या ऐन मध्यभागी, चालत प्लासा दे मायो या मुख्य चौकापर्यंत आणि १९१३ पासून धावणाऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या पहिल्या भुयारी रेल्वेपर्यंत पोहोचता येईल अशा जागी, स्वच्छ अंथरूण मिळते.

ज्या घरात हे हॉस्टेल होते, ते घर पाहूनच हे पत्र लिहिण्याचा विचार मनात आला. रस्त्याच्या बाजूने अरुंद दर्शनी भाग, उंच दरवाजा, आत शिरल्यावर फरसबंदीचा उघडा चौक, चौकाच्या कडेने ओळीने खोल्या, आणि त्यापुढे पुन्हा दुसरा चौक. सान तेल्मोतील बरीच जुनी घरे अशीच आहेत. एकेकाळी ती शहरातील सधन कुटुंबांची होती. १८७१ मध्ये पीतज्वराची भयंकर साथ आली, हजारो माणसे दगावली आणि ज्यांना शक्य होते ती कुटुंबे उत्तरेकडील वस्त्यांत राहायला गेली. मागे राहिलेल्या या मोठ्या घरांत मग युरोपातून, विशेषतः इटली व स्पेनमधून, बोटी भरभरून येणारे स्थलांतरित भरले; एका खोलीत एक अख्खे कुटुंब, आणि नळ व संडास चौकात सर्वांना मिळून, अशी स्थिती पुढे कित्येक दशके होती. आपल्याकडील वाड्यांत भाडेकरू दाटीने राहू लागले आणि मालक हळूहळू कॉलेज रोडला, गंगापूर रोडला गेले, तोच हा क्रम.

अशी घरे पुढे पाडलीच जातात, असा आपला अनुभव आहे. सान तेल्मोतही पुष्कळ पडली; काही नव्या रस्त्यांखाली गेली. तथापि होसे मारिया पेन्या या वास्तुविशारदांनी शहर-संग्रहालयाच्या माध्यमातून १९७० मध्ये प्लासा दोर्रेगो या चौकात जुन्या वस्तूंचा रविवारचा बाजार सुरू केला, तो आजही भरतो. आणि १९७९ मध्ये या वस्तीला ऐतिहासिक क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले, त्यामागेही त्यांचेच प्रयत्न होते. संरक्षण मिळाले म्हणजे घर वाचते असे मात्र नाही, कारण घराला उत्पन्न नसेल तर कौले कोण शाकारणार? या घरांपैकी कित्येकांत आज खानावळी, नृत्यशाळा, जुन्या वस्तूंची दुकाने आणि प्रवाशांची हॉस्टेले चालतात, म्हणूनच ती उभी आहेत. यात फार नवे असेही काही नाही. तरुण प्रवाशांसाठीच्या वसतिगृहांची कल्पना जर्मनीतील रिखार्ड शिरमान या शिक्षकाने १९०९ मध्ये मांडली, आणि त्यांचे पहिले कायमस्वरूपी वसतिगृह १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यातच उघडले.

ब्युनोस आयर्समधीलच बंदराजवळची एक इमारत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९११ मध्ये सरकारने स्थलांतरितांसाठी तेथे मोठे निवासस्थान उघडले; खाली भोजनगृह, वरच्या मजल्यांवर ओळीने खाटा, आणि बोटीतून उतरलेल्या कुटुंबाला काम मिळेपर्यंत तेथे पाच दिवस विनामूल्य राहण्याचा हक्क. १९५३ पर्यंत ते चालले. आता तेथे संग्रहालय आहे. परक्या माणसाची पहिली रात्र ही शहराची जबाबदारी आहे, असे एखाद्या सरकारने मानणे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या नाशकाला हे मुळीच परके नाही. देशभरातून रामकुंडावर येणारे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या तीर्थोपाध्यांच्या वाड्यांत उतरत आले आहेत. पंचवटीतील वाड्यांच्या माड्या यजमानांसाठी राखलेल्या असत, आणि आलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, कुळ उपाध्यांच्या वहीत चढे. धर्मशाळाही होत्याच. आज त्यांतील काही चांगल्या चालतात, परंतु कित्येक ठिकाणी कुटुंबालाच जागा मिळते, किंवा विशिष्ट समाजालाच मिळते. एकट्या बाईची तर फारच पंचाईत होते. आरोग्य विज्ञान विद्यापीठात किंवा मुक्त विद्यापीठात कामासाठी बाहेरगावाहून मुली येतात, स्पर्धा परीक्षांसाठी उमेदवार आदल्या रात्री पोहोचतात. आमच्या नात्यातील एक मुलगी अशीच आली असता, 'एकट्या लेडीजला रूम देत नाही' असे तिला एकामागून एक लॉजवर सांगण्यात आले. आमचे घर इथे होते म्हणून तिची सोय झाली. ज्यांचे येथे कोणी नाही, त्या मुली नाशिकरोड स्थानकावरील प्रतीक्षालयात बसून रात्र काढतात. ब्युनोस आयर्समध्ये, भाषा येत नसताना, मला केवळ स्त्रियांसाठी राखीव असलेली खोली मागताच मिळाली आणि 'एकट्याच का?' असे कोणी विचारले नाही. माझ्या स्वतःच्या शहरात एखाद्या मुलीला ते मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरीकडे जुन्या नाशकात दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात आणि दर पावसाळ्यात एखाद-दुसरा वाडा कोसळल्याची बातमी आपल्याच दैनिकात वाचावी लागते. मालक-भाडेकरू वाद, सातबाऱ्यावर आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चढलेले डझनावारी वारस, आणि गल्ली इतकी अरुंद की नव्या बांधकामाला पुरेसा चटईक्षेत्र निर्देशांक वापरता येत नाही, या कारणांनी वाडा ना दुरुस्त होतो ना विकला जातो. जे पार मोडकळीस आले आहेत, त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. तेथे माणसांना बाहेर काढणे हेच पहिले काम. पण ज्यांच्या सागवानी तुळया अजून धडधाकट आहेत, कडीपाट शाबूत आहे, चौकात ऊन येते आणि आडाला पाणी आहे, असे वाडे आजही आहेत. वाड्याचा लॉज करायचा तर प्रत्येक खोलीला संडास-न्हाणी जोडावी लागते आणि त्यासाठी भिंती फोडाव्या लागतात. खाटेगणिक निवासाला याची गरज नाही. माजघर आणि माडी जशीच्या तशी ठेवून चौकाच्या मागच्या अंगाला सामाईक न्हाणीघरे नव्याने बांधली, विजेची तारजोडणी पूर्ण बदलली आणि छप्पर नीट शाकारले, तर वाडा राहता होतो. अशा निवासात रात्रीचे जेवण मिळत नसल्याने प्रवाशाचा पैसा गल्लीतच खर्च होतो. सान तेल्मोत बेकरीवाला, किराणावाला आणि कपडे धुऊन देणारी बाई हे तिघेही आमच्याच हॉस्टेलच्या लोकांवर चालत होते. येथे तो पैसा भद्रकालीच्या भाजीबाजारात आणि मिसळीच्या दुकानांत जाईल.

आगीच्या धोक्याकडे मात्र कोणीही डोळेझाक करू नये, कारण वाडा म्हणजे लाकूड. ३० डिसेंबर २००४ रोजी ब्युनोस आयर्समधील क्रोमान्योन या नृत्यगृहाला आग लागली, बाहेर पडण्याचा मोठा दरवाजा बंद असल्याने माणसे आत कोंडली गेली आणि १९४ जण मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणी शहराच्या महापौरांना २००६ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. आमच्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक खोलीच्या दारामागे बाहेर पडण्याच्या वाटेचा नकाशा होता, जिन्यात रात्रभर दिवा जळत असे, आणि खाटांमधली वाट सामानाने अडलेली दिसली की कचेरीतला मुलगा स्वतः येऊन सामान हलवायला लावी. वाड्यांना परवानगी देताना दुसरा जिना, आतून किल्लीविना उघडणारा दरवाजा, धूर ओळखणारी यंत्रे आणि माडीवर गॅस अथवा शेगडीला सक्त मनाई, या अटींत तसूभरही सूट नसावी. आणि जेथे अग्निशमनाचा बंब गल्लीच्या तोंडाशीही पोहोचत नाही, तेथे परवानगीच देऊ नये. २००३ च्या सिंहस्थात याच भागातील अरुंद रस्त्यावर झालेली चेंगराचेंगरी आपण विसरलेलो नाही. त्यामुळे पर्वणीच्या दिवसांत रामकुंड परिसरातील अशा खाटा पोलिसांच्या सांगण्यानुसार बंद ठेवाव्यात, असेच माझे मत आहे. वाड्यांचा उपयोग पर्वणीच्या गर्दीसाठी नव्हे, तर उरलेल्या सगळ्या वर्षासाठी आहे.

शेजारपाजाऱ्यांची हरकतही गैर म्हणता येणार नाही. मद्यपान, गोंगाट, अनोळखी माणसांची ये-जा यांची भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि देवळांच्या परिसरात ती अधिकच वाटणार. त्यावर रात्री दहानंतर चौकात शांतता, आवारात मद्यबंदी, प्रत्येकाच्या ओळखपत्राची नोंद आणि परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवण्याच्या नियमाचे काटेकोर पालन, एवढे बंधन पुरेसे आहे. ऋषिकेशसारख्या तीर्थक्षेत्रात अशी हॉस्टेले आज गंगेच्या काठी चालतात आणि त्यांनी क्षेत्राचे पावित्र्य बिघडवले असे दिसत नाही.

महापालिकेला माझी विनंती आहे, की वारसांमध्ये एकमत असलेल्या आणि बांधकाम तपासणीत सुस्थितीत ठरलेल्या मोजक्या वाड्यांपासून सुरुवात करावी. त्यांना व्यावसायिक दराने घरपट्टी व पाणीपट्टी न लावता काही वर्षे निवासी दरच ठेवावा, आणि पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत ज्याप्रमाणे घरमालक आपल्या घरातील खोल्या देऊ शकतो, त्याचप्रमाणे सामाईक खोलीतील खाटा देण्याची स्पष्ट तरतूद व्हावी यासाठी शासनाकडे पाठपुरावा करावा. परवान्याच्या अटींत एक अट अशी असावी, की प्रत्येक वाड्यात किमान एक खोली केवळ स्त्रियांसाठी राहील, आणि रिकामी खाट असताना एकट्या स्त्रीला ती नाकारल्यास परवाना रद्द होईल. ज्या वाडामालकांना यात रस असेल त्यांची मते आपण आपल्या दैनिकातून मागवावीत, ही आपणांस विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, पंचवटी, नाशिक