टेकडीवरची घाणेरी

पुणे, जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर आम्ही काय उपटत बसतो, ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

पावसानं माती मऊ झालीय, त्यामुळे आधी गाजर गवत घेतलंय. ते फुलावर यायच्या आत मुळासकट निघायला हवं, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. हातमोजे हवेतच, कितीतरी जणांच्या अंगावर त्यानं पुरळ उठतं. हे तण भारतात प्रथम लक्षात आलं ते १९५५च्या सुमारास, आपल्या पुण्यातच.

खरा घाम काढते ती घाणेरी. कधीकाळी बागेच्या शोभेसाठी परदेशातून आणलेलं हे झुडूप. नुसतं वरून छाटलं, तर दुप्पट जोमानं फुटतं. म्हणून बुडाशी टिकाव घालून माती मोकळी करायची, जमिनीच्या जरा खाली मुख्य मूळ तोडायचं आणि मुळं आभाळाकडे करून झुडूप उलटं ठेवायचं. काळी फळं धरली असतील तर ती आधी गोणीत भरतो. बुलबुल बी पसरवतातच, त्यात आपली भर नको.

फिरायला येणारे विचारतात, "अहो, चांगलं हिरवं आहे, कशाला काढता?" हे ऐकून जीव तुटतो रे! आपली टेकडी म्हणजे मुळात गवताळ माळ, मधूनमधून सालई, गणेर, हिवर अशी झाडं. उन्हाळ्यात ती पिवळी पडणारच. म्हणून ती ओसाड नव्हे. चंडोल आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, त्यांनी या जाळीत कुठे जायचं? हिरवाईसाठी म्हणून लावलेल्या गिरिपुष्पाचंही तेच. त्याच्या दाटीखाली गवत तग धरत नाही. पण ती मोठी झाडं, परवानगीशिवाय आम्ही त्यांना हात लावत नाही.

गेल्या वर्षी मोकळ्या केलेल्या तुकड्यात यंदा कुसळी गवत उठलंय. परवा त्यात मुसळी फुललेली दिसली: सहा पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर. मी गुडघे टेकून बघत राहिलो. शेजारीच घाणेरीची बोटभर रोपंही होती, खरखरीत पानांची. ती लगेच उपटली. जमिनीत बी उरलंय तोवर दर पावसाळ्यात हे करावंच लागणार.

तू ऑगस्टमध्ये येतोयस ना? रविवार मोकळा ठेव. पूर्ण बाह्यांचा शर्ट आण, घाणेरीचे काटे ओरबाडतात. हातमोजे आणि टिकाव आमच्याकडे आहेत.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पुणेकर दोस्त