दुभाष्याविना घेतलेली सही

महोदय,

स्थलांतरित आणि अल्पसंख्याक समाजांतील स्त्रिया गरोदरपणातील तपासणीला उशिरा येतात, याचे खापर सरसकट त्यांच्या अज्ञानावर फोडले जाते. प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केल्यानंतर मला ते पटत नाही. कागदपत्रे नसल्याची धास्ती, खर्च, बुडणारी मजुरी ही कारणे आहेतच. परंतु बाई रुग्णालयात पोहोचल्यावरही जो अडसर उरतो तो भाषेचा, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते.

हंगेरीतील रोमा या अल्पसंख्याक समाजातील एका महिलेचे प्रकरण या संदर्भात आठवते. २ जानेवारी २००१ रोजी तिला रक्तस्राव होत असताना रुग्णालयात आणले. बाळ पोटातच दगावले होते आणि तातडीने सिझेरियन करणे भाग होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तिने ज्या कागदावर सही केली, त्यावर डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात नसबंदीचाही उल्लेख होता, तोही लॅटिन शब्दाने. रुग्णवाहिका आल्यापासून दोन्ही शस्त्रक्रिया उरकेपर्यंत १७ मिनिटे लागली. पुढचे मूल कधी होऊ देता येईल, असे तिने घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले, तेव्हा कुठे त्या शब्दाचा अर्थ तिला कळला. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००६ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला.

इतके टोक गाठले जात नाही तेथेही नवरा, सासू किंवा शाळकरी मूल दुभाष्या होते. एकदा नऊ-दहा वर्षांच्या मुलीमार्फत तिच्या आईला ‘अंगावरून किती जाते’ हे विचारताना माझीच जीभ अडखळली. मुलीने काय सांगितले कोण जाणे, बाईने नुसती मान हलवली, आणि तोच होकार समजून आम्ही सही घेतली. त्यात मीही होते. नवऱ्यासमोर तर आधीचा गर्भपात बहुधा सांगितलाच जात नाही. आई आरएच निगेटिव्ह, म्हणजे रक्तात आरएच घटक नसलेली असेल, तर आधीच्या गर्भपातामुळे तिच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींना मारक प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात, आणि ही लपलेली माहिती पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. घरातील मारहाणीबद्दल तर विचारायलाच नको.

म्हणून प्रसूतिकक्षात निदान दूरध्वनीवर तरी चोवीस तास प्रशिक्षित दुभाषी उपलब्ध असावा, तपासणीचा काही वेळ नातेवाइकांना बाहेर थांबवावे, आणि सही घेण्याआधी ‘काय समजले ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे बाईला विचारणे सक्तीचे करावे. तातडीच्या सिझेरियनच्या वेळी यासाठी सवड नसते, हे मी जाणते. नसबंदीला मात्र तशी घाई कधीच नसते.

– एक निवृत्त परिचारिका