वरच्या मजल्यावरच्या ताईंना, नानांच्या संगणकाबद्दल

नौपाडा, ठाणे

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

घरचा जुना संगणक बदलायची वेळ आली तेव्हा तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, त्याचे आभार जिन्यात येता-जाता मानून भागणार नाही, म्हणून हे पत्र. चारचौघांत वाचता येईल असंच लिहिते आहे. हाच प्रश्न सध्या कितीतरी घरांत आहे आणि तुम्ही तो ज्या पद्धतीने सोडवलात ती इतरांनाही कळावी असं मनापासून वाटतं.

आमच्या संगणकावरच्या विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आमच्या संगणकाच्या कॅबिनेटमध्ये इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, तेव्हा तो रस्ता बंद. बाजारात विचारलं तर एकाने सांगितलं, भंगारात द्या आणि नवीन घ्या. दुसऱ्याने सांगितलं, अडीचशे रुपयांत फॉरमॅट मारून अकरा फुकट टाकून देतो. नात्यातल्या एकांनी तर सुचवलं, आता नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, संगणक कशाला, मोठ्या पडद्याचा मोबाइल द्या की.

तुम्ही घरी आलात आणि कॅबिनेटकडे न बघता नानांशेजारी खुर्ची ओढून बसलात. "काका, तुम्ही यावर काय लिहिता, मला दाखवा ना," एवढंच म्हणालात. नाना ऐंशीच्या घरात आहेत. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी आयुष्य काढलं. ज्या ज्या गावी बदली झाली तिथल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या त्यांनी वहीत उतरवून घेतल्या. निवृत्तीनंतर टायपिंग शिकून त्या संगणकावर चढवायला घेतल्या आणि ते काम अजून चालू आहे. त्यांच्या या लिहिण्याला घरात सगळे मान देतात, पण संगणक घेताना तो हिशोबात धरायचा मुद्दा आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. तुम्ही तुमच्या कागदावर पहिली ओळ तीच लिहिलीत: नानांचं टायपिंग, नानांच्या जुन्या फाइल. यांचं हिशोबाचं टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन त्याखाली. मुलीचं कॉलेज त्याच्याही खाली, कारण ब्राउझर आणि एक पीडीएफ वाचक असला की तिचं कुठेही भागतं, असं तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही पर्याय मांडलेत, आणि एकाही पर्यायाची भक्ती न करता मांडलेत. याचं मला फार कौतुक वाटतं. ॲपलचा एम-फोर चिपचा मॅक मिनी २०२४मध्ये बाजारात आला तेव्हा ५९,९०० रुपयांपासून होता. यंत्र उत्तम आणि आमचा जुना मॉनिटर त्याला जोडताही आला असता, पण टॅलीप्राइम विंडोजवरचं, म्हणजे यांचं काम अडलं असतं. क्रोमबुक, म्हणजे मुख्यतः इंटरनेटच्या भरवशावर चालणारा लॅपटॉप, तुम्ही दोन वाक्यांत बाजूला ठेवलंत, कारण नाना इंटरनेट बंद ठेवून लिहितात. विंडोज १०ला सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, घेता येतात हेही सांगितलंत. पण त्यात फक्त मुदत वाढते, पुढच्या दिवाळीला तोच प्रश्न पुन्हा दारात, असंही म्हणालात.

आधार संपतो म्हणजे नेमकं काय होतं, हे तुम्ही नानांना समजावलंत ते मला पाठ झालंय. वॉचमन काम सोडून गेला म्हणून इमारत दुसऱ्या दिवशी पडत नाही, पण रात्री कोण आत आलं हे बघणारं कुणी उरत नाही. यंत्र चालूच राहतं. नवी सापडलेली भगदाडं मात्र कुणी बुजवत नाही, आणि ज्या यंत्रावरून बँकेचं आणि जीएसटीचं काम होतं त्यावर तो धोका घेऊ नये. फुकट टाकून देणाऱ्याबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात. चोरीची प्रत कुठून आली आणि तिच्यात आणखी काय आलं ते कळत नाही. आणि न बसणाऱ्या यंत्रावर अकरा जबरदस्तीने बसवलं तर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

निर्णय असा झाला की यांच्यासाठी विंडोज ११चा साधा लॅपटॉप घ्यायचा आणि जुन्या कॅबिनेटवर नानांसाठी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट यंत्रणा घालायची, तिचं एक्सएफसीई हे हलकं रूप. मिंटला दोन जीबी रॅम किमान लागते आणि चार असली तर बरं. आपण आठ केली, आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली. जुन्या यंत्राचा सगळा खर्च चार हजारांच्या आत. मिंटची २२वी मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत आधार आहे. परवान्याचा पैसा नाही, नोंदणी नाही.

पण काहीही घालण्याआधी तुम्ही पेनड्राइव्हवरून मिंट चालवून दाखवलंत. डिस्कला हातही न लावता यंत्र पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यायचा, जुनं जसंच्या तसं. नानांना तसं काही दिवस वापरू दिलंत. नव्या गोष्टीला हात लावताना वयस्कर माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती आपल्या हातून काही पुसलं जाईल याची. तुम्ही ती भीती आधी काढलीत आणि मग कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवलात.

कीबोर्डबद्दल तर मी मुद्दाम सविस्तर लिहिणार आहे. नवीन यंत्र म्हणजे नवीन कळफलक, आणि आता या वयात बोटांना पुन्हा शिकवायचं कसं, या विचाराने नाना गप्प गप्प झाले होते. ते कसे टाइप करतात हे तुम्ही बघितलंत आणि ओळखलंत की ते इनस्क्रिप्टवर शिकलेत. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजनं. हा कळफलक भारतीय मानक ब्यूरोने १९९१मध्ये प्रमाण म्हणून ठरवला आहे, आणि तो विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवरही मिळतो. म्हणजे नानांची बोटं जिथे जातात तिथेच अक्षर सापडणार. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून तुम्ही त्यांना एक ओळ टाइप करायला सांगितली. त्यांनी सवयीने शिफ्टसकट जे दाबून, हलन्त देऊन य काढला आणि पडद्यावर "वाऱ्यावर" असं उमटलं, अर्धचंद्रासारख्या ऱ्यासकट, जसं मराठीत लिहितात तसं. त्यानंतर नानांनी लिनक्स म्हणजे काय हे कुणालाच विचारलं नाही.

पुढे त्यांनी एक तक्रार केली आणि तुम्ही तीही मनावर घेतलीत. पडद्यावरचा ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. शिक्षकाच्या डोळ्यांना ते खुपणारच. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून दिले आहेत, हे नाना कुणालाही ऐकवतात. दुसरं कुणी असतं तर "चालतंय हो काका" म्हणालं असतं. तुम्ही लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी ठरवलीत, नोटो देवनागरी फॉन्ट लावलात, आणि दोन्ही अक्षरं आपल्या वळणावर आली. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन्ही वळणांच्या ल ला एकच क्रमांक आहे, कुठलं रूप दाखवायचं हे फॉन्ट भाषेवरून ठरवतो. मला ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कळली.

आणि आता जुन्या फाइल. तुम्ही यावर किती संध्याकाळी घातल्यात हे मी पाहिलंय. नानांनी सुरुवातीची वर्षं जे टाइप केलं ते युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या फाइलच्या आत मराठी नसतंच. असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, ज्यांच्यावर फॉन्टने देवनागरीचे तुकडे चढवलेले असतात. फॉन्ट गेला की ओवीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरते. मिंटवर जुना फॉन्ट टाकून फाइल नुसत्या दिसण्यापुरत्या उघडतील, हे तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवलंत. पण दिसणं पुरेसं नाही, त्या कायमच्या मराठीत आणल्या पाहिजेत, हा आग्रह तुमचा.

रूपांतरात कुठे घोटाळा होतो हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचं उलट: तो अक्षराच्या डोक्यावर नंतर दिसतो, पण उच्चारात र आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर लांबलं की तो गोंधळतो. "सासऱ्यानं"चं "सासर्यानं" होतं. तुम्ही अशा संशयित जोड्यांची एक यादी काढून नानांना दिलीत. प्रोग्रामने काढलेली पानं एकीकडे, मूळ वही दुसरीकडे, आणि नाना लाल पेन घेऊन बसले. निवृत्तीनंतर इतक्या हुरुपाने पेपर तपासताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मूळ फाइल पुसायच्या नाहीत, हा तुमचा नियमही आम्ही पाळतो. जुनी हार्ड डिस्क चिठ्ठी लावून कपाटात आहे आणि एक प्रत यांच्या लॅपटॉपवर आहे.

याचा उपयोग काय झाला ते तुम्हाला सांगायचं राहिलंच. परवा नानांना माहेरच्या ओव्या एकत्र करायच्या होत्या. पूर्वी त्या फाइलमध्ये मराठी शब्द शोधता यायचा नाही, वह्या उलगडून बसावं लागायचं. त्यांनी "माहेर" टाइप केलं, आणि वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या सालांतल्या ओव्या एकाखाली एक आल्या. काही त्यांना स्वतःलाही आठवत नव्हत्या. त्यातल्या काही त्यांनी नातीच्या मोबाइलवर पाठवल्या, आणि तिला त्या कुठलाही फॉन्ट न घालता वाचता आल्या.

जे जमणार नाही तेही तुम्ही आधी सांगितलंत, याचे वेगळे आभार. आमचा जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर बहुधा चालणार नाही असं म्हणाला होतात. तो चालला नाही. नाना पीडीएफ करून देतात आणि हे लॅपटॉपवरून छापतात, त्यात कुणाचं काही अडत नाही. नवीन प्रिंटर कधी घेतलाच तर ड्रायव्हरशिवाय चालणारा बघून घ्या, हे लक्षात आहे. टाइमशिफ्ट लावून दिलंत, त्यामुळे काही बिघडलं तर यंत्रणा मागच्या तारखेला नेता येते. मात्र नानांच्या फाइल त्यात धरलेल्या नाहीत, त्यांची प्रत वेगळी घ्यायची, हे तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं आहे. दर एकादशीला ती प्रत घ्यायची असं नानांनी स्वतःच ठरवलंय.

दिवसभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळून तुम्ही दमून येता, हे मला ठाऊक आहे. पैशाचा विषय काढू दिला नाहीत. एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांची सवय, त्याच्या डोळ्यांना हवा तसा ल, त्याने गोळा केलेल्या बायकांच्या ओव्या, या सगळ्याला तुम्ही टॅलीइतकंच महत्त्वाचं काम मानलंत. घरात गेली काही वर्षं नानांच्या लिहिण्याकडे छंद म्हणून बघायची सवय लागली होती. ती तुमच्यामुळे सुटली. टेबल आता खिडकीपाशी उजेडात हलवलं आहे आणि सकाळी ते त्यांच्यासाठी मोकळं असतं.

एक विचारायचं होतं. मराठी ग्रंथसंग्रहालयात नानांना भेटणाऱ्या त्यांच्या दोन मित्रांकडेही जुन्या फॉन्टमधली पानं पडून आहेत, एकाची कुळाचाराची टिपणं आणि दुसऱ्यांचं आत्मकथन. वेलांटी-रफाराची तपासणी नाना स्वतः करून देणार आहेत, तुम्ही फक्त सुरुवात लावून द्यायची. तुमची परवानगी असेल तरच त्यांना तुमचा नंबर देते. रविवारी सकाळी जमेल का, तेवढं कळवा. नाश्ता आमच्याकडे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
खालच्या मजल्यावरची वहिनी